न चुकणारा अमृत

॥ श्री ॥
सातारा, दि. ३ नोव्हेंबर २०२५

मिरज, म्हसवड आणि साताऱ्यातल्या समस्त भावकीस क्रांतीताईचा वडिलांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद. वि. वि.

बंधू-भगिनींनो, बावीस वर्षं लोक आपल्या घराण्याला हसत आले आहेत! लग्नाच्या पंगतीत बसावं तर शेजारचा विचारतो, ते केबलवर बातम्या सांगणारे तुमचेच का? आणि आपण खाली मान घालून आमटी ओरपतो. हे आपण किती दिवस सोसायचं?

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुमच्या फोनची बॅटरी संपते. घरच्या ग्रुपवरून तर तो ग्रुप चालवणाऱ्या आपल्या साक्षीने मला काढूनच टाकलं. म्हणून या पत्राच्या झेरॉक्स काढून प्रत्येक घरी टपालाने पाठवते आहे.

माझा धाकटा भाऊ अमृत गेला, त्याला येत्या २३ तारखेला वर्ष होईल. फौजेतून सुभेदार होऊन आला आणि मिरजेच्या दंडोबा केबल वाहिनीवर बातम्या वाचू लागला. माणूस सोन्यासारखा, पण वाचन? के. बी. माने यांच्या हस्ते वाचनालयाचं उद्घाटन झालं, तर याने एक मात्रा पदरची घातली आणि कैलासवासी बी. माने यांच्या हस्ते ते उरकलं. त्या मान्यांना पुढे दोन महिने पेन्शनसाठी स्वतः जाऊन उभं राहावं लागलं. मिरजेत तानपुरे बनवणाऱ्यांची बातमी होती. याने एका दमात सांगितलं की मिरजेत तान पुरे. म्हसवडच्या रथाचं थेट प्रक्षेपण करताना कॅमेरा भजीच्या कढईवर राहिला आणि हा तासभर वर्णन करत होता, पाहा, काय हे तेज! घरोघरी म्हाताऱ्यांनी कढईला हात जोडले.

आता वाहिनीचा मालक जयराज याने एक तोड काढली आहे. संगणकात अमृतचा चेहरा आणि आवाज भरून तो असा अमृत तयार करतो आहे, जो कधीच चुकणार नाही. अगदी शुद्ध बोलेल! वर्षश्राद्धापासून रोज साडेसातला. फक्त अमृतच्या बायकोची, आपल्या सुलाची, सही हवी आणि ती अडून बसली आहे. तरी प्रत्येकाने जयराजला होकार कळवावा आणि सुलाला फोन करून समजवावं.

तुमच्या लोभाची धनी,
क्रांती



मिरज, ता. ८

ती. क्रांतीवन्सं यांना धाकटी भावजय सुला हिचा शि. सा. न. वि. वि.

आवं वन्सं, तुमचं पत्र पोचलं कुठं कुठं ते मला फोनवरनंच कळलं. सकाळी म्हसवडचे भाऊसो दाजी, दुपारी राहीबाई, आनि भाकरी तव्यावर असताना तुमचा ल्योक गुंडा. सगळ्यांचं एकच, सही कर, सही कर. एक भाकरी करपली, ती गुंडाच्या नावानं गाईला घातली.

तुमी लिवलंय ते खोटं न्हाई. चुकायचेच ते. पर तुमी साताऱ्याला हसू झालं म्हनून चिडायचा आनि मी हितं चुलीपाशी टीव्ही बघत बसायची. ह्यांची एक चूक झाली की मी एक भाकरी जादा थापायची. चुकल्यावर ह्यांना लय भूक लागायची वन्सं. तान पुरे झालं त्या दिवशी पाच भाकऱ्या खाल्ल्या आनि म्हनाले, सुले, सतारमेकर गल्लीतनं महिनाभर आपल्याला भाजीला जाता यायचं न्हाई.

जयराजनं त्यो संगणकातला मानूस मला दावला. चेहरा ह्यांचाच, आवाज ह्यांचाच, मिशीसुदीक बरोबर. पंधरा मिंटं बोलला, एकदाबी चुकला न्हाई. मी पदर तोंडाला लावून वाट बघत बसलेली, आता चुकंल, मग चुकंल. न्हाई चुकला. वन्सं, परक्या मानसाच्या घरात चुकून शिरल्यावानी झालं मला. रोज साडेसातला त्यो हितं आल्यावर मी त्येच्यापुढं बसू कशी, सांगा.

जयराजनं तुमच्यासाठी मुद्दाम एक बातमी त्येच्याकडनं वाचून घेतलीया, तुमच्या त्या भाषनाची. तुमच्या नातीच्या, प्रांजलच्या फोनवर धाडलीया. बघा आनि मग मला रागवा.

गुडघं जपा. माया पातळ करू नका.
तुमची सुला



सातारा, दि. १२ नोव्हेंबर

चि. सुला हिस क्रांतीचे अनेक आशीर्वाद. तुझ्या नावामागे गं. भा. लिहायची रीत मला मान्य नाही, कधीही नव्हती. नवरा गेल्याने बाईचं नाव बदलत नाही.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. भाकरी थापण्यासाठी भाषेचा खून माफ करायचा, हे कुठलं तत्त्व? तावातावाने उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात नात प्रांजल फोन घेऊन आली.

तुला आठवतच असेल, नऊ वर्षांपूर्वी साताऱ्यात माझं हुंड्याविरुद्ध भाषण झालं होतं. अमृतच्या हातातले दोन कागद एकमेकांना चिकटले आणि त्याने वाचलं की क्रांतीताईंच्या घणाघाती भाषणाने सभागृह पेटले, तीन खुर्च्या आणि एक पंखा जळून खाक झाला, अखेर दोन बंबांनी पाऊण तासात परिस्थिती आटोक्यात आणली, आगीचे कारण समजू शकले नाही. खुर्च्या औद्योगिक वसाहतीतल्या एका उपाहारगृहाच्या होत्या. पण ऐकतो कोण? मी आठ महिने त्याच्याशी बोलले नाही. माफी मागायला आला तेव्हा दारातूनच परत पाठवला.

आता संगणकाने तीच बातमी दुरुस्त करून वाचली. सातारा येथे क्रांतीताईंचे भाषण झाले. उपस्थिती चांगली होती. बस्स, एवढंच! प्रांजल म्हणाली, आजी, हे खरं बोललेत बघ. आणि मी फोन उलटा करून ठेवला.

तुला एक गोष्ट सांगते, ती मी अमृतला कधी सांगितली नाही. त्या बातमीनंतर कोरेगावात माझी सभा झाली. एरवी चाळीस माणसं यायची, त्या दिवशी चारशे आली. दोघं तर पाण्याच्या बादल्या घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण त्या दिवशी झालं. हे त्याला त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. ताठा आडवा आला, नंतर राहून गेलं, आणि आता सांगायचं कुणाला? त्या संगणकाला? तो नम्रपणे धन्यवाद म्हणेल!

सही करू नकोस.

तुझीच,
क्रांती



मिरज, ता. १५

ती. वन्सं यांना सुलाचा शि. सा. न.

तुमचं पत्र देवापाशी ठेवलं. तुमी सही करू नको लिवलंय हे मी दोनदा वाचलं, म्हटलं अक्षर तुमचंच हाय न्हवं.

जयराज परवा कागद घेऊन आला. चांगला मानूस हाय, ह्यांच्यावर जीव होता त्येचा. म्या त्येला म्हटलं, तुज्या मशिनीला ह्यांचीच निधनाची बातमी वाचायला लाव. त्येनं लावली. वाचली की वन्सं, पावसाचा अंदाज सांगावा तशी. गालाला खळी पाडून.

आत्याबाई वारल्या तवा ती बातमी ह्यांच्याच हातात आली हुती, आठवतंय न्हवं. आईचं नाव आल्यावर थांबले ते थांबलेच. आतल्या पोरांनी घाबरून दोनदा खताची जाहिरात लावली. मग कागद खाली ठिवून म्हनाले, ही बातमी मला वाचाय येत न्हाई, उद्या दुसरं कोन तरी वाचंल. सगळ्या मिरजंनं बघितलं, कुनी हसलं न्हाई.

जयराजनं डोळं पुसलं, पर तुमच्या घरची अकरा मानसं व्हय म्हनत्यात असं म्हनाला. २३ तारखेला ऐतवारी जेवायला सगळी भावकी हितंच येनार, तवाच सर्वांसमक्ष सही घेतो म्हनाला. वन्सं, तुमी सभेत हजार लोकांना न्हाई म्हनता. मला दाजी समोर बसल्यावर पदर सावरायचं सुदीक सुचत न्हाई. ती अकरा मानसं तुमीच उठवल्यात. आता तुमीच बसवा.

तुमची सुला



सातारा, दि. १७ नोव्हेंबर

समस्त भावकीस क्रांतीताईचा नमस्कार व आशीर्वाद. वि. वि.

बंधू-भगिनींनो, पंधरा दिवसांपूर्वी याच हाताने तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. विशेषतः राहीबाई, हे वाक्य कापून चौकटीत लावायला हरकत नाही; असं मी पुन्हा लिहीन याची खात्री नाही.

लोक आपल्याला हसले, हे खरं. पण हसून झाल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला का? बावीस वर्षं साडेसातला मिरजेत चहा थांबायचा तो शुद्धलेखनासाठी नव्हे. आज अमृत काय करतो, हे बघायला थांबायचा. स्वच्छ, बिनचूक बोलणारे चेहरे आज पैशाला पासरी मिळतात. आपला माणूस चुकायचा, लाजायचा, घाम पुसायचा, सॉरी हं म्हणायचा आणि पुढची बातमी घ्यायचा. त्याच्या तोंडातून त्या चुका काढून घ्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मी बहीण असून सांगते, मलाही नाही!

आणि तो निर्णय सुलाचा आहे. संसार तिने केला. आपण अकरा जण जेवायला जाऊन तिच्या हातात पेन कोंबणार असू, तर हुंड्याविरुद्ध मी जन्मभर केलेली भाषणं विहिरीत टाकलेली बरी. मी शुक्रवारच्या एसटीने मिरजेला जाते आहे. रविवारी तुम्हीही या, पोटभर जेवा. पण त्या घरात सहीचा कागद आला, तर तो मी आमटीत बुडवीन.

तशी वेळ येऊ देऊ नका. होकार तुम्ही दिलात, तर परतही तुम्हीच घ्या. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत प्रत्येकाने जयराजला फोन करायचा आणि सांगायचं, आमचा होकार रद्द, सुला म्हणेल तसं. नंबर पत्राच्या पाठीमागे लिहिला आहे.

माझ्यावर माया असेल तर ती या कामी लावा.

तुमची,
क्रांती

ता. क. भाऊसो, पत्र दुसऱ्यांदा वाचत बसू नका. चष्मा काढा आणि फोन उचला.