एका श्वासाची रेघ

४ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

कॅमेरा विकून खाल्लास का, हा तुमचा प्रश्न पोचला. कॅमेरा कपाटात सुखरूप आहे, फक्त कामावर नाही. जपानचे झेन भिक्षू एका श्वासात ब्रशाचा एकच फटकारा मारतात, पुन्हा गिरवत नाहीत. मी तेच करते, पण शाईऐवजी फोटो उमटवणाऱ्या डेव्हलपरने आणि थेट फोटोच्या कागदावर. ओढताना काही दिसत नाही, मग रेघ हळूहळू काळी होत वर येते. लगेच कागद हायपोत बुडवायचा, म्हणजे रेघ पक्की होते.

पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे आणि तुमच्याकडच्या जुन्या जाड कागदासारखा कागद आता मिळत नाही. तो द्या, आणि एक रेघ तुम्हीही ओढा. चाळीस वर्षं स्टुडिओत बसून लोकांच्या फोटोंतल्या पुटकुळ्या ब्रशाने घालवल्यात, आता ब्रशाला असं वाळीत टाकू नका.

तुमची लाडकी (असं मीच समजते),
भिंगरी

१२ जानेवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

कॅमेऱ्यावाचून फोटो म्हणजे नवरदेवावाचून लग्न. असो. कागदाची आशा सोड. कपाट आवरताना तुझ्या मामीने काळं पाकीट खिडकीपाशी उघडून बाराच्या बारा कागद फडक्याने पुसले. उजेड लागला, सगळे वाया. तीन दिवस मी तिच्याशी बोललेलो नाही. तिला त्याचा विशेष त्रास झालेला दिसत नाही.

रेघेचं म्हणशील तर गेल्या वर्षीच्या आजारपणापासून उजवा हात थरथरतो. चहाची बशी वाजते, तिथे ब्रश काय धरणार? जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मिटवल्या, आता स्वतःची कागदावर मांडायची लाज वाटते. हे तुझ्या आईला कळवू नकोस.

मामा

१८ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न.

आधी मामींची माफी मागा. मी भर उजेडातच काम करते. डेव्हलपर लागेल तिथे काळं, बाकीचं हायपोत पांढरं. कागदांना काहीही झालेलं नाही. इतक्या वर्षांच्या डार्करूमवाल्याला हे सुचू नये?

अकरा पाठवा, बारावा तुमचा. ब्रश खाली ठेवल्यापासून तुमची पत्रंसुद्धा आखूड झालीत, मामा. मला काळजी वाटते.

रागावलात तरी लोभ कमी करू नये,
भिंगरी

२ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

माफी मागितली. मामी म्हणाली, तिला वाटलं माझी दाढ दुखतेय म्हणून मी गप्प आहे.

अकरा कागद सोबत आहेत. बाराव्यावर आज सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर रेघ ओढली. ती दोनदा अडखळली आहे. हायपोतून काढून, धुऊन वाळवल्यावर सवयीने बारीक ब्रश उचलला, दुरुस्त करायला. मामी शेजारीच होती. तिने अडवलं नाही, फक्त सही कुठे करणार, एवढं विचारलं.

इतके चेहरे माझ्या हाताखालून गेले, फोटोच्या मागे शिक्का मात्र स्टुडिओचा. सही कुठे करणार, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ब्रश ठेवला आणि पेन घेतलं. सही रेघेहूनही वाकडी आली आणि मला रडू आलं, तुला सांगायला हरकत नाही.

बारावाही कागद सोबत ठेवला आहे. कुठल्याही कोपऱ्यात टांग, पण चौकट बसवताना सही झाकली जाणार नाही एवढं बघ.

लोभ आहे तसाच राहू दे, कानउघाडणीसकट.
तुझा मामा