सोमवारी शिरच्छेद, गुरुवारी लग्न

लीड्स,
२६ फेब्रुवारी २००६

ती. वन्संना,

शशीचा वाकून नमस्कार (गुडघ्यांमुळे आता पत्रातूनच काय ते वाकता येतं). तुमची कंबर, तुमचा रक्तदाब आणि तुमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. नागपुरात ऊन चढू लागलं असेल. इथे अजून दुपार झाली म्हणेपर्यंत दिवा लावावा लागतो, पण डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला दिव्याचं फार अगत्य उरलेलं नाही, कारण मी वाचत नाही. मी ऐकते. आणि त्या ऐकण्यापायी गेल्या महिन्यात माझं घर हातचं जायची वेळ आली होती, ते सांगायला हे पत्र.

आधी निकाल सांगते, म्हणजे तुम्हाला शेवटचं पान आधी बघावं लागणार नाही. मी अतुलकडे क्रॉयडनला राहायला जात नाही. इथेच राहणार, माझ्या घरात, माझ्या किल्ल्यांसकट. अतुलने तुम्हाला फोन करून आईला जरा विसर पडायला लागलाय असं सांगितलं होतं, ते त्याने बिनशर्त मागे घेतलं आहे. (त्यावर तुम्ही, तिचं आधीपासूनच तसं होतं, असं म्हणालात म्हणे. ते मी मनावर घेतलेलं नाही, पण शब्दशः लक्षात ठेवलं आहे. यावरून माझ्या स्मरणशक्तीची परीक्षा तुम्हीच करा.)

तर झालं असं. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी डोळ्यांना विश्रांती द्या म्हणून सांगितलं, आणि आमच्या लायब्ररीतल्या बाईंनी मला कोपऱ्यातलं बोलत्या पुस्तकांचं कपाट दाखवलं. त्यातला इतिहासाचा खण मी हिवाळाभर उपसला. माझी मतं झाली आहेत आणि ती पक्की आहेत. पहिलं म्हणजे, ज्या डब्यावर ‘संक्षिप्त’ असं लिहिलेलं असतं तो डबा मी हातात धरत नाही. शंभर वर्षांचं युद्ध कुणीतरी तीन तासांत उरकतो, म्हणजे मेलेल्यांचा हा अपमान आहे. दुसरं, पुरुष वाचक बाईचा आवाज काढायला लागला की मी यंत्र बंद करून भाजी चिरायला घेते. राणी असो की दासी, सगळ्या उंदीर दिसल्यासारख्या बोलतात. तिसरं, राजे आणि सरदार दक्षिणेकडच्या शुद्ध इंग्रजीत बोलतात आणि मोतद्दार, चोर, गावातला वेडा हे सगळे आमच्या यॉर्कशरच्या बोलीत. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नडेट आयरिश होत्या. या पुस्तकांत त्या मठाधिपती नव्हे, मठाच्या धोबीण झाल्या असत्या. आणि कादंबरीतल्या नायिकांबद्दल तर बोलूच नका. चारशे वर्षांपूर्वीची मुलगी, पण हिला लॅटिन येतं, जडीबुटी कळते, लग्न नको असतं, आणि एकीलाही कधी चुलीतली राख काढावी लागत नाही. इतिहासात सगळ्यांच्या अंगाला वास येतो हे मात्र दर पानाला बजावून सांगतात. इतिहासकार लोक बरे. ते निदान वास घेत नाहीत. पण ते लढाईत उजवी बगल, डावी बगल, पिछाडी असं इतक्या भराभर सांगतात की कानाने नकाशा काढता येत नाही. मी त्यावर उपाय काढला. ओट्यावर बटाट्यांची एक फौज मांडायची आणि वांग्यांची दुसरी, आणि ऐकत ऐकत सरकवत न्यायची. घोडदळाला भेंडी. (जेवायच्या वेळी जिंकलेली बाजू शिजवायची की हरलेली, हा प्रश्न येतो. मी हरलेली शिजवते.)

आता मुद्द्याची गोष्ट. माणूस गोष्ट सांगत असला की हुं म्हणायचं, हे मी तुमच्या घरात आल्यावर शिकले. धंतोलीच्या घरी जेवणं झाली की तुम्ही अतुलला मांडीशी घेऊन बसायचात आणि आपल्या खापरपणजोबांची गोष्ट सांगायचात, भोसल्यांच्या तोफखान्यात होते ते. हुं थांबला की गोष्ट थांबली, हा तुमचा कायदा. पाच वर्षांचं पोर एवढा वेळ हुं म्हणतं याचं तुम्हाला केवढं कौतुक होतं. ती सवय मला जी लागली ती लागलीच. यंत्रातला गृहस्थ वाक्य संपवून श्वास घेतो, आणि मी हुं म्हणते. न म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं.

दिवाळीत अतुलने मला नवा सीडी प्लेअर आणला. एका वेळी पाच सीड्या पोटात घेतो. अतुलने स्वतः जोडला, स्वतःची गाणी लावून बघितली, आणि आई, तू फक्त हे एक बटण दाबायचंस, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं मला दोनदा बजावून गेला. मी बाकी कशाला हात लावला नाही. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवा.

त्या यंत्रावर मी एडमंड नावाच्या एका ड्यूकची कादंबरी लावली. वन्सं, काय सांगू. सोमवारी त्याचा शिरच्छेद झाला. मंगळवारी तो सात वर्षांचा होता आणि तट्टावरून पडला. बुधवारी त्याची विधवा दुसरं लग्न करत होती, आणि गुरुवारी तिचं याच्याशीच पहिलं लग्न लागलं, आणि मी ओट्याशी उभी राहून रडले, कारण ती बिचारी केवढी खुशीत होती आणि पुढचं सगळं मला ठाऊक होतं. मला वाटलं, हीच ती आधुनिक कादंबरी. आपले कीर्तनकार नाही का, राजाला ऐन रणांगणात उभा ठेवून त्याच्या मागच्या जन्माकडे वळतात. मी लेखकाला मनोमन शाबासकी दिली. इंग्रजाला एवढी अक्कल असेल असं मला वाटलं नव्हतं.

आमच्या भिंतीपलीकडे मिस्टर हार्डकॅसल राहतात. विधुर आहेत, शाळेत भूगोल शिकवायचे, आता लीक नावाचा कांद्याचा उंच भाऊ पिकवतात. आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच आणि तीही नावापुरती. अडीअडचणीला असावा म्हणून अतुलचा नंबर मी त्यांना देऊन ठेवला होता. त्यांनी तो वापरला. तुमच्या आईंकडे रोज दुपारी एक गृहस्थ येतात, असं त्यांनी अतुलला सांगितलं. आवाज भारदस्त, माणूस शिकलेला वाटतो, तासन्‌तास बोलतो, कधीकधी रक्तपाताच्या गोष्टी करतो, आणि तुमच्या आई फक्त कण्हतात.

शनिवारी सकाळी, न कळवता, अतुल आणि मीनल गाडी घेऊन दारात. मीनल सून म्हणून चांगली आहे, पण आल्या आल्या हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेली आणि दाढीचं सामान शोधून आली. मला कपाटाचं दार वाजलेलं ऐकू येतं. अतुल सोफ्यावर बसला आणि क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात खिडकीपलीकडचे लोक परदेशी माणसाशी बोलतात तसा, मोठ्याने आणि सावकाश, माझ्याशी बोलायला लागला.

“आई, घरी कोण येतं?”

मी म्हटलं, ड्यूक येतो. यंत्र दाखवलं. त्याचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला. आणि तिथेच थांबायचं सोडून मी, आईपणाच्या भरात, त्याला गोष्ट सांगायला गेले. सोमवारी गळा, गुरुवारी वरमाला, आणि काल तो नुकताच जन्मला, बारसं बहुधा आज. अतुलने मीनलकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. तुमच्या भावाची हुबेहूब, माझ्या हातची पहिली पुरणपोळी खाताना त्यांनी अशीच तुमच्याकडे टाकली होती. मीनल पाणी आणायला म्हणून उठली आणि ओट्यावर बटाटे वांग्यांवर चाल करून जात होते ते तिने पाहिलं.

मग सगळं फार प्रेमाने झालं, म्हणूनच मला फार भीती वाटली. आमच्याकडे लहान खोली आहे. व्यायामाची सायकल हलवू. खिडकीतून ट्राम दिसते. सोमवारी डॉक्टरांना फोन करू, ते नुसते चार प्रश्न विचारतात. घराचं काय ते नंतर बघू, एका एजंटशी सहज बोलून ठेवलंय. मीनलने माझा हात हातात घेतला. माझा हात कुणी उगीच घेतलेला मला चालत नाही, पण तेव्हा मी तो काढून घेतला नाही. वन्सं, खरं सांगते, मी चहाला म्हणून उठले, आणि केटली उकळेपर्यंत मनात एकोणतिसाचा पाढा म्हणून बघितला. आला. मग औटकी म्हणून बघितली. नाही आली. पायाखालची फरशी सरकली. (मग आठवलं की औटकी मला कधीच येत नव्हती, सिस्टर बर्नडेट साडेतीनाला आकडाच मानत नसत.)

तेवढ्यात मागच्या दाराशी मिस्टर हार्डकॅसल, हातात लीकची जुडी, चेहरा चोरासारखा. आपण फोन केला याची त्यांना लाज वाटत होती. अतुलने त्यांना दारातच गाठून हळू आवाजात सांगितलं की गृहस्थ वगैरे कोणी नाही, पुस्तक आहे, पण आईचा जरा गोंधळ होतोय. मेलेला माणूस तीन दिवसांनी लग्न करतो असं सांगतेय.

“केलंच त्याने लग्न,” मिस्टर हार्डकॅसल म्हणाले. “गुरुवारी. मी ऐकलंय.”

मिस्टर हार्डकॅसल रंगात आले. पुस्तक आहे म्हणता? तरीच. मला वाटायचं हा मनुष्य आपल्या घराण्याची हकीगत सांगतोय. सोमवारी त्याचं डोकं उडालं तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. पण त्याच्या बायकोचा तो मुलगा नेमका कोणाचा, हे ऐन सांगायच्या वेळी बाई हुं म्हणाल्या आणि ते नाव मला ऐकूच आलं नाही. बाई, मुलगा कोणाचा? आणि त्यांनी हेही कबूल केलं की फोन केल्यानंतरही त्यांनी आपली खुर्ची भिंतीला लावून घेतली होती. पोलिसांत साक्ष द्यावी लागली तर, म्हणून.

दोन शहाण्या माणसांनी एकच वेडेपणा ऐकला असेल तर तो ऐकणाऱ्यांत नसतो, एवढं मीनलला कळलं. ती उठून यंत्रापाशी गेली, वाकली, आणि म्हणाली, “अतुल, शफल चालू आहे.”

एकमेकांत गुंतलेले दोन छोटे बाण, हिरवे. दिवाळीत आपली गाणी उलटसुलट क्रमाने वाजावीत म्हणून माझ्या लेकाने ते बटण दाबलं होतं आणि तसंच सोडून, मला कशाला हात लावू नको म्हणून बजावून, क्रॉयडनला निघून गेला होता. बोलायला मला पुष्कळ होतं, दोन भाषांत होतं. पण मी त्याचा चहा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, “सायकल आहे तिथेच राहू दे.”

तह दुपारी झाला. डॉक्टर रद्द, एजंट रद्द, लहान खोलीचा विषय पुन्हा निघणार नाही. अतुलने तुम्हाला स्वतः फोन करून खरं सांगावं, आणि माझ्या पागोळीची पन्हळ गळते ती शिडीवर चढून दुरुस्त करावी. तो शिडीवर असताना खाली उभं राहून मी त्याला हनोव्हर या इंग्रज राजघराण्यातली सगळी नावं क्रमाने म्हणून दाखवली. सरळ क्रमाने, आणि मग उलट. रात्रीच्या जेवणाला वांगी केली. ती हरली होती.

आणि एक सांगू? बाण बंद करून ती कादंबरी मी पहिल्यापासून नीट ऐकली. इतकी रटाळ आहे. माणूस जन्मतो, मोठा होतो, लग्न करतो, मरतो. यात कारागिरी ती काय? लग्नाला मला रडूसुद्धा आलं नाही. लायब्ररीतल्या बाईंना मी सांगितलं आहे की त्या डब्यावर एक चिठ्ठी लावा, बाण लावून ऐकावी.

तब्येतीला जपा. औषध वेळेवर घ्या आणि भाडेकरूंवर ओरडताना उभ्या राहू नका, बसून ओरडा. इथलं आभाळ सोडल्यास सगळं ठीक आहे.

तुमची न विसरणारी,
शशी

ता. क. मिस्टर हार्डकॅसल आता दुपारी खुर्ची घेऊन इकडेच येतात, कारण भिंतीतून नावं नीट कळत नाहीत. तेव्हा माझ्याकडे रोज दुपारी एक गृहस्थ येतो हे आता खरं आहे. अतुलला कळवायची गरज नाही. त्यांना मी हुं शिकवला आहे. जरा गाईसारखा येतो, पण वेळेवर येतो.

आणखी ता. क. एवढे सगळे आवाज ऐकून झाले. इंग्रज नट, प्रोफेसर, सरदारकीचा किताब मिळालेले. एकालाही गोष्ट कुठे थांबवावी हे कळत नाही. ते तुम्हाला कळायचं. हे मी चाळीस वर्षांत बोलले नव्हते, आता लिहिते आहे; पुन्हा लिहायची नाही.

शेवटचं. धंतोलीतला तो हुंकार अतुलचा नव्हता. तो तुमच्या मांडीवर केव्हाच झोपलेला असायचा. मी होते, स्वयंपाकघराच्या दाराआड, कारण सुनेने बाहेर येऊन गोष्ट ऐकत बसायची तेव्हा पद्धत नव्हती. खापरपणजोबा तोफ घेऊन वैनगंगेच्या काठाशी पोचत, नाव पलीकडच्या तीरावर असे, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई मला दूध विरजायला हाक मारत. हुं थांबे, तुम्ही गोष्ट थांबवत. रोज. मग आम्ही इकडे आलो. ते नदी ओलांडून गेले की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. तुमच्याकडे भजनांचा टेप आहे, त्यावर रेकॉर्डिंगचं लाल बटण असतं. पहिल्यापासून सांगा, संक्षिप्त नको, तोंडात सुपारी नको. आणि प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबा. मला हुं म्हणायचं असतं.