फोनचा ताप आणि व्याहीबुवांची सही

आदरणीय व्याहीबुवा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. आपली पाठ आता कशी आहे? आणि विहीणबाईंच्या चष्म्याचा नंबर ठरला, की त्या अजून अंदाजानेच विणतात? इकडे आम्ही दोघेही जिथल्या तिथे आहोत. माझे सकाळचे चालणे सुरू आहे. आमच्या घरातून, म्हणजे आमच्या मंडळींचा, गुडघा बोलतो, पण घरात त्याचे ऐकून घेणारे कोणी नाही (हे वाक्य तिने घालायला सांगितले म्हणून घातले).

आपले घर बसने चार थांब्यांवर असताना पत्र कशाला, असे आपल्या मनात येईल. फोन का केला नाही, असेही येईल. तर फोन सध्या पूर्ण विश्रांतीवर आहे. दिवसातून तीन वेळा फक्त तपासणीपुरता उठवतो. आणि समक्ष यावे, तर आपण पडलात वीज मंडळातले मोठे इंजिनीअर, मी सातवी शिकलेला कंपाउंडर. आपल्यासमोर माझे अर्धे बोलणे पोटातच राहते. आमच्या घरातून दर शुक्रवारी विहीणबाईंकडे विणायला येतेच, तिच्या हाती हे पाठवतो.

गेल्या रविवारी काय झाले ते आपण आपल्या बाजूने पाहिले आहे. माझ्या बाजूने ऐका. मुलगा आणि सूनबाई तिकडून दोन्ही घरांना एकदम फोन लावतात, पडद्यावर तीन चौकटी होतात आणि मधल्या चौकटीत आपली नात, खारूताई, येते. या वेळी तिचा पुढचा दात पडला होता, पहिलाच. ती म्हणाली, आजोबा बघा, आणि तिने तोंड उघडायला सुरुवात केली. माझ्या फोनवर चौतीस टक्के होते. मी स्वतः चष्मा लावून वाचले होते. चौतीस म्हणजे परीक्षेत काठावर, पण फोनला पुष्कळ. आणि तिचा ओठ वर गेला न गेला तोच माझा फोन बंद. काळा. त्या काळ्या काचेत मला माझेच उघडे तोंड दिसले, कारण तिला धीर यावा म्हणून मीही उघडले होते.

चार्जर शोधून, फोन जिवंत होऊन, मी परत लावेपर्यंत ती झोपायला गेली होती. आपण मात्र शेवटपर्यंत होतात. आपण तो दात (म्हणजे दाताची जागा) नीट पाहिलीत, याचा मला आनंदच आहे. पण सहा वर्षांच्या पोरीच्या मनात काय येईल? आपण तोंड उघडले आणि आजोबांनी फोन बंद केला. तिला दोन आजोबा आहेत. एकाचा फोन चालतो, एकाचा बंद पडतो. पोर कोणत्या आजोबांकडे वळेल, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

सोमवारी खालच्या शिंप्याला विचारले. त्याला फोनातले कळते. तो म्हणाला, बॅटरीची हेल्थ बघा. मी म्हटले, बॅटरीला हेल्थ असते? तर म्हणे, तुम्हाला आहे, मला आहे, तिने काय घोडे मारले? मग त्याने फोन लावतो तसे काही चांदण्या, काही जाळ्या आणि चार हजार सहाशे छत्तीस असे दाबले. कोणाला फोन लागला नाही, पण एक पान उघडले. पान इंग्रजीत. माझे इंग्रजी औषधाच्या चिठ्ठ्यांपुरते, पण तेवढ्यातही मला दोन ओळी लागल्या. एक, हेल्थ : गुड. दुसरी, टेंपरेचर : अडतीस पूर्णांक दोन.

व्याहीबुवा, मी त्या शिंप्याच्या स्टुलावर बसलो. एक्केचाळीस वर्षे मी दवाखान्यात ताप मोजला आहे. अडतीस पूर्णांक दोन म्हणजे आपला शंभर पूर्णांक आठ. फोनला ताप होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. शिंपी म्हणत होता, अहो, गुड लिहिलंय ना खाली. त्याला काय कळणार? आमचे डॉक्टरसुद्धा नातेवाईक उशाशी उभे असले की कागदावर 'ठीक' लिहीत आणि मला डोळ्याने खुणावत.

घरी येऊन उपचार सुरू केले. कपाळावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवणार होतो, पण विजेच्या वस्तूला पाणी चालत नाही हे (आपल्याच कृपेने) माहीत आहे. म्हणून फोन डब्यात घालून फ्रीजमध्ये टोमॅटोशेजारी ठेवला. दोन तासांनी काढला, पान उघडले, तर नऊ. नऊ डिग्रीवर आमच्या दवाखान्यात कोणी आलेच नव्हते, आले असते तर आम्ही पुढे पाठवले असते. घाईने शालीत गुंडाळून पोटाशी धरला. काचेला आतून घाम फुटला. आमच्या घरातून दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "माझ्या गुडघ्याला इतकी माया कधी दाखवली नाहीत." मी म्हटले, तुझ्या गुडघ्यात खारूताई दिसत नाही. यावर तिने टोमॅटो हलवले. त्याच संध्याकाळी मी वहीत तक्ता आखला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तापमान, टक्के, शेरा.

मंगळवारी बाजारातल्या फोन दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेला. डोळ्याला भिंग लावून बसतात, हाताला कंप नाही, मला बघताक्षणी भरवसा वाटला. त्यांनी फोन वायरीने संगणकाला जोडला. मी तक्ता पुढे केला, तो त्यांनी वाचला, परत वाचला आणि विचारले, फ्रीजमध्ये कोणी ठेवला होता? मी म्हटले, घरात माणसे पुष्कळ आहेत (आम्ही दोघेच आहोत, हे आपणास ठाऊक आहे). मग विचारले, चार्जिंगला लावता तेव्हा फोन कुठे असतो? मी अभिमानाने सांगितले, की आमच्या घरातून त्याला लोकरीचे जाड झबले विणले आहे, ते घालून उशीखाली ठेवतो. त्या भिंग काढून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "काका, झबलं घालून उशीखाली ठेवलं तर तुम्हालासुद्धा ताप येईल." म्हणजे ताप आमच्या मायेचा होता.

पण खरा धक्का पुढेच आहे. त्या म्हणाल्या, आजार असा काही नाही, बॅटरी म्हातारी झाली आहे. नवी असताना शंभर मावत असेल तर आता चोपन्न मावते. फोन चौतीस म्हणतो, तो त्याचा समज आहे, आत तेवढे उरलेले नसते. मी म्हटले, बाई, हे कसे होईल, आमच्या व्याह्यांनी दोनच वर्षे वापरून दिला आहे. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. पहिल्या वापराची तारीख तिथे होती. पाच वर्षे सात महिने. बाराशे ऐंशी वेळा भरून रिकामा.

व्याहीबुवा, माझी तक्रार नाही. माणूस कामात असतो, वर्षे मागेपुढे होतात. मुलीचे वय सांगताना सगळेच थोडे कमी सांगतात आणि मुलीकडची माणसे तर फार वर्षांची सवय म्हणून. (आमच्या सूनबाईंच्या बाबतीत असे काही झाले नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो.) मी त्या बाईंना सांगितलेसुद्धा, की यंत्र खोटे बोलत असेल, आमचे व्याही बोलणार नाहीत. त्यावर त्या हसल्या, पण सभ्यपणे.

त्या म्हणाल्या, नवी बॅटरी घालते, दहा मिनिटांचे काम. दहा मिनिटांचे काम हे शब्द ऐकले की मी आधी सहीचा कागद शोधतो. आमच्या डॉक्टरांनी एकदा एका वाण्याचे गळू दहा मिनिटांचे काम म्हणून सहीशिवाय फोडले. वाणी बरा झाला, पण त्याचे सहा भाऊ आम्हाला विचारून का फोडले नाही म्हणून आठवडाभर पायरीवर बसून होते. तेव्हापासून नियम झाला, जवळच्या नातेवाइकाची सही असल्याशिवाय चिमटा उचलायचा नाही. ती सही घेण्याचे काम एक्केचाळीस वर्षे माझे. आता या फोनचे मूळ पालक आपण. तीन वर्षे सात महिने (हिशेब बाईंच्या पडद्यावरून, माझ्याकडची दोन वर्षे वजा करून) तो आपल्या घरात वाढला. आपल्या सहीशिवाय मी त्याची पाठ उघडू देणार नाही. म्हणून फोन तसाच परत आणला.

सोबत कागद जोडला आहे. त्यावर असे लिहिले आहे : सदर फोनची पाठ उघडण्यास माझी संमती असून आतील फोटो व नंबर यांचे बरेवाईट झाल्यास कंपाउंडर जबाबदार नाहीत. खाली सही करावी. साक्षीदार म्हणून विहीणबाई चालतील.

कळवण्यास आनंद वाटतो, की कालपासून, म्हणजे बुधवार दुपारपासून, उतार आहे. तापमान एकोणतीस, टक्के सकाळी जितके तितकेच संध्याकाळी. तक्त्यावर मी "विश्रांतीचा गुण" असा शेरा मारला आहे. तरी अशा उतारावर मी विसंबत नाही. जाण्याआधी माणसे अशीच ताजीतवानी होतात.

विहीणबाईंना नमस्कार. पाठ शेकत जा.

आपला,
व्याही

ता. क. : सहीची घाई नाही. खरी घाई वेगळी आहे, ती वर लिहिताना धीर झाला नाही. या रविवारी आपल्या फोनसमोर मला बसू द्याल का? खुर्ची मी आणीन. चौकटीच्या कडेला मावेन, आपल्यापुढे येणार नाही. तिने तोंड उघडले की तेवढा वेळ फक्त आपण बाजूला व्हावे.

ता. क. दुसरा : वर्षांचा विषय मी पुन्हा काढणार नाही. दोन म्हणजे दोन.

ता. क. तिसरा : व्याहीबुवा, हे मी लिहिते आहे, घरातून. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून उघडून वाचलं. तोंडाने सांगायला गेले तर मला हसू येईल. बुधवारी हे फिरायला गेले तेव्हा मी फोन नेऊन त्या बाईंकडून बॅटरी बदलून आणली. दहा मिनिटंच लागली. कोणाची सही लागली नाही. चालते का बघायला तिथूनच मुलाला फोन लावला, तर खारूताईने उचलला. पहिलं काय विचारलं, तर आजोबा घाबरले का. मी म्हटलं, घाबरले, पण तुझ्या दाताला नाही. मग तिने सांगितलं की शेजारचा दातही हलतो आहे, आणि तो रविवारच्या आत पडू नये म्हणून ती त्या बाजूने काही खात नाही. आजोबांच्या समोरच पाडायचा आहे म्हणाली. तेव्हा यांना रविवारी या म्हणून आजच कळवा. बॅटरीचं मी सोमवारी सांगेन. तोवर यांचा तक्ता चालू दे.