घाई न करता घेतलेलं घर

६ मार्च २००५, रविवार
इथे अमेरिकेत घर घ्यायचं ठरलं. घाई करायची नाही. बाबांनी पुण्यातला फ्लॅट घेण्याआधी तीन ऋतूंत जाऊन पाहिला होता. मीही तसंच करणार. विनय म्हणाला, "आपल्या या श्रूजबरी गावात एवढं थांबलीस तर घराचे नवे मालक तुला चहा देतील." नवऱ्याने चेष्टा केली तरी आपण शांत राहावं. मी शांत आहे.

१२ मार्च
आईचा फोन. "ठरेपर्यंत कुणाला बोलू नकोस हो. बोललं की मोडतं." मी अंधश्रद्धाळू नाही. पण आईचं मन राखायला कुणालाच सांगणार नाही. समोरच्या अपार्टमेंटमधल्या सुमेधालाही नाही. इथे मला तेवढी एकच मैत्रीण. खोटं मात्र बोलायचं नाही, नुसतं गप्प राहायचं.

२० मार्च, रविवार
पहिलं घर पाहायला गेलो. पोचेपर्यंत विकलं गेलं होतं. बाहेर गाडीत एक बाई रडत होती. आमची एजंट मॉरीन म्हणाली, या बाजारात रडायलासुद्धा लवकर यावं लागतं.
संध्याकाळी लाँड्रीत सुमेधा भेटली. "दुपारी कुठे होतात गं?" मी म्हणाले, दातांच्या डॉक्टरकडे. रविवारी! तिने पुढे काही विचारलं नाही. ती आणि तिचा नवराही बाहेर होते म्हणे, गाडी धुवायला. बाहेर बर्फ पडत होतं. बिचारी सरळ आहे, जिथे तिथे स्वच्छता.

१० एप्रिल
आणखी दोन घरं गेली. घरं संपली तर? विनय म्हणतो, "घरं संपत नसतात, यार." पण हे त्याने नखं खाता खाता सांगितलं. माझे हात गार पडलेत. एप्रिल आहे, थंडीमुळे असेल.

२३ एप्रिल, शनिवार
कोपऱ्यावरचं पिवळं घर. हॉलमध्ये भरपूर ऊन. मी सवयीने दाराशी बूट काढले. मॉरीनला कौतुक वाटलं. आमच्या आधी येऊन गेलेल्या जोडप्यानेही काढले होते म्हणे. म्हणजे या भागात वळण असलेली माणसं येतात. चांगली खूण आहे.
सकाळी ऊन होतं, दुपारी पाऊस आला, निघताना थोडं बर्फ भुरभुरलं. एका दिवसात तीन ऋतू पाहून झाले.

२५ एप्रिल
भयंकर दिवस. त्या दुसऱ्या जोडप्याचीही ऑफर आहे. आम्ही वाढवली. त्यांनी वाढवली. आम्ही पुन्हा वाढवली. विनय फोन कानाला लावून पुटपुटत होता, "कोण आहेत हे नालायक?" मॉरीन म्हणाली, इन्स्पेक्शनची, म्हणजे घराच्या तपासणीची, अट सोडून द्या, घर तुमचं. बाबांनी असं केलं नसतं. पण मी स्वतः नळ सोडून पाहिला होता. पाणी आलं होतं. हो म्हणून टाकलं. ही घाई नव्हे, हा निर्णय.

२६ एप्रिल
घर मिळालं! मला उलटी झाली. आनंदाने.

३० एप्रिल
आता बोलायला हरकत नाही. पेढे घेऊन सुमेधाकडे गेले. पत्ता सांगितला. ती ओरडलीच. "कोपऱ्यावरचं? पिवळं? अगं, ते आम्ही हरलो! आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, ठरेपर्यंत कुणाला बोलू नका."
तिचा नवरा शैलेंद्र विनयला म्हणाला, "तू होतास होय रे? मी तुला काय काय शिव्या दिल्या!" विनय म्हणाला, "मीपण."
मग शैलेंद्रनेच त्याच्या एजंटला फोन करून विचारलं. तिसरं कोणी नव्हतंच. आम्ही दोघंच एकमेकांना घाबरून किंमत चढवत होतो.
सुमेधाने अर्धा पेढा घेतला.

१७ जुलै
राहायला येऊन महिना झाला. छप्पर गळतं. छपराचा माणूस वर चढला, खाली आला आणि आधी मलाच बसायला सांगितलं. हप्ता आणि छप्पर दोन्ही झेपणार नाही. भाडेकरू ठेवणं हा तात्पुरता आणि शहाणपणाचा उपाय आहे.
तळघर द्यायचं ठरवलं होतं. पण तिथे ओल आहे, आणि ते न सांगता देणं माझ्याने होणार नाही. सांगितलं तर कोण येणार? म्हणून छप्पर झालं की वरचं घर द्यायचं, स्वयंपाकघरासकट. तळघरात आम्ही. माणसं मात्र ओळखीची हवीत.

४ सप्टेंबर, रविवार
छप्पर झालं. कालपासून आम्ही तळघरात, भाडेकरू वर. उन्हाळ्यात इथे छान गारवा असतो. उन्हाळा संपला आहे, पण पुढच्या वर्षी उपयोग होईल. विनय शेगडीवर मॅगी करतोय.
दुपारी जिन्यातून हाक आली. सुमेधाची. "अगं, वर ये ना चहाला! हॉलमध्ये काय सुंदर ऊन येतं, बघ तरी!"
केस विंचरले. बरी साडी नव्हती, चांगला ड्रेस घातला. वर गेले, दार वाजवलं, आणि ती "ये" म्हणेपर्यंत बाहेर थांबले.