धुळ्याची नोकरी

चि. योगराज,

चिरंजीव राहायचं असेल तर तिथंच राहा. व्यसनमुक्ती केंद्राची पायरी न चढता तू थेट धुळ्यात, देवपूरच्या त्या दारू सोडणाऱ्यांच्या बिनदारूच्या घरात राहायला गेलास. "आजी, मला दवाखाना नको, न पिणाऱ्यांची सोबत पाहिजे," म्हणालास. बरं. मी इथं धरणगावात सांगून टाकलं, नातवाला धुळ्यात नोकरी लागली.

काल शेजारची कमलबाई पेढे मागायला आली. म्हणे, "अक्का, आमच्या प्रेमराजलाही तिथंच चिकटवा ना. पण तो पितो हो, घेतील का?"

मी म्हटलं, "बाई, त्याला तर आधी घेतील!"

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही. वाचून तू हसत घरी येशील, अन् स्टँडवर उतरल्याबरोबर समोर गुत्ता शे.

तुझी खोटारडी आजी,
लताबाई