‘अहो’मुळे बिघडलेले द्विपक्षीय संबंध

तीर्थरूप आत्या,

तुला नमस्कार. गुडघा कसा आहे? (जिने चढू नकोस असं मी सांगणार आणि तू चढणार, तेव्हा तो विषय इथेच मिटला.) इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे बाबा सोडून.

कॉलेजात मी सध्या रचनावाद शिकवते. घाबरू नकोस, सोपा आहे. दोन देश मित्र की शत्रू, हे नुसत्या तोफा मोजून ठरत नाही. ते एकमेकांना काय समजतात, कसे वागत आलेत, त्यावर ठरतं. मित्राच्या हातात सुरी दिसली की आपण सफरचंद पुढे करतो, वैऱ्याच्या हातात दिसली की दार लावतो. सुरी तीच. वर्गात हे सगळ्यांना पटलं, आणि मला दुर्बुद्धी झाली की घरीही सांगून पाहावं.

त्याचं असं झालं, बाबांचा मोतीबिंदू पिकलाय. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, आता भिंग लावूनही अनुस्वार चाचपडतो. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, यांनी दोनदा मोडली. का, तर अशा वेळी घरात कुणी मोठं माणूस हवं. आता अडुसष्टाव्या वर्षी यांच्याहून मोठं माणूस मी आणू कुठून? एकच उरलंय, आणि त्याच्याशी यांचा अबोला.

म्हणून म्हटलं, बाबा, अबोला म्हणजे काही डोंगर नव्हे, दोघांनी धरलाय म्हणून आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे सकाळचा चहा मीच करायचा, हाही निसर्गनियम नाही तर. दुसऱ्या दिवसापासून चहा बंद, पाठोपाठ भाजी आणणं बंद. मानीव व्यवस्था आहे सगळी, असं म्हणून पेपर वाचत (वाचल्यासारखं करत) बसतात. मी आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला.

शेवटी खोदून खोदून विचारलं. इतकी वर्षं मला वाटायचं, तुमचं घराच्या वाटणीवरून वगैरे बिनसलं असेल. कसलं काय. तू भांडणात त्यांना ‘अहो’ म्हणालीस. बसा हो तुम्ही, तुम्ही मोठे शहाणे, असं. जन्मापासून ‘अरे गाढवा’ ऐकलेल्या माणसाला थोरल्या बहिणीने ‘अहो’ म्हणावं? सांगताना ते उगाच भिंग पुसत राहिले गं. सगळं जग मान मिळाला नाही म्हणून भांडतं, आपल्याकडे मान दिला म्हणून युद्ध. वर्गात सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही, पण मला उदाहरण नको, चहा हवाय.

बाकी सगळं पूर्वीसारखंच.

तुझी,
वादात हरलेली भाची

ता. क. गुरुवारी ऑपरेशनची तिसरी तारीख आहे. बुधवारी ये. निदान फोन कर, आणि त्यांनी उचलल्या उचलल्या ‘अरे गाढवा’ म्हण. माफी मागू नकोस, तीही त्यांना ‘अहो’सारखीच लागेल.

ता. क. २. बाबांना या पत्राचा पत्ता नाही.

ता. क. ३. (हे अक्षर बाबांचं.) ताई, पत्र मी वाचलेलं नाही. चौथ्या परिच्छेदात एक अनुस्वार राहिला होता, तो घातला आहे. बुधवारी ये, चहा मी करतो. आणि तू ‘अरे गाढवा’ नाही, ‘गाढवा रे’ म्हणायचीस. तेवढी दुरुस्ती करून म्हण.