मोज्यातली किल्ली

प्रिय चारू,

सोलापूरच्या बोर्डिंगला निघताना आई आपल्या ट्रंकेत शेंगाचटणीची पुडी मोज्यात लपवायची, आठवतं? सिस्टरची पाठ वळली की आपण ती सूपमध्ये टाकायचो. काल जहाजावर मी तेच केलं. यज्ञेश लाजला. "आई, लोक बघतायत गं!"

लेकानं हौसेनं आणलंय मला. तीन आठवडे नुसता समुद्र आणि सारखं खाणं. बॅग मात्र सूनबाईनं भरली. "आई, तुम्ही कशाला वाकताय?" म्हणाली अक्षरा. इथं उघडली, तर तळाशी माझी गोधडी, ह्यांचा फोटो आणि माझी अन्नपूर्णा. घरी परतायचं असताना देव्हाऱ्यातला देव कुणी हलवतं का?

आज मी ताट घेऊन टेबलाशी आले, तशी दोघं गप्प झाली. "पुण्यातल्या खोलीत ऊन छान येतं," एवढं कानावर पडलं होतं.

"कुणाची खोली रे?"

"तू आधी पुडिंग घे ना, आई."

चारू, मला तुळजापूरला परत नेणारच नाहीत का गं?

संशय खोटा निघाला, तर लेकाला तोंड कसं दाखवू? म्हणून हे पत्र अजून पाठवत नाही. खरा निघाला, तर पाठवीन; मग पितळी डबे तू ने. शिलाई मशीन शेजारच्या विठाबाईला दे. झोपाळा अक्षराला, तिचा जीव आहे त्यावर. घराची किल्ली यज्ञेश रोज मागतो, "हरवशील, आई." ती कुणालाच नाही. माझ्या मोज्यात आहे.

तुझीच,
अक्का